चित्रपुस्तकांची निवड

लहान मुलांसाठीं चांगलीं चित्रपुस्तकें सुचवा, अशी विनंति करणारे पालक हल्लीं पुष्कळ भेटतात. आणि त्यांतील बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'यापासून मुलाला शिकायला काय मिळेल?' कादंबरी विकत घेणाऱ्या गृहस्थाला हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. नाटकाचें तिकीट काढतांना तो स्वतःलाहि विचारीत नाहीं. मग ज्या वाचकाचें वय अवघें तीन वर्षांचें, त्याच्याच पुस्तकानें आपली उपयुक्तता आधीं सिद्ध करून दाखवावी, हा हट्ट कां ? आमच्या मतें आपल्याकडील चित्रपुस्तकांची निवड बिघडते ती येथेंच. फळांचीं नांवें, रंगांचीं नांवें, दांत घासण्याची आवश्यकता आणि खोटें बोलण्याचे दुष्परिणाम, इतक्या मालावर दुकानाचा एक कप्पा भरतो. आणि मुलाच्या हातीं पडतें तें पुस्तक नसून औषध असतें, वेष्टन तेवढें रंगीत.

मासिकांतून व वृत्तपत्रांतून या पुस्तकांवर चार ओळींचे जे अभिप्राय येतात, तेहि याच समजुतीला खतपाणी घालतात. भाषा सोपी, छपाई सुबक, चित्रें आकर्षक, मुलांना आवडेल, झालें परीक्षण! चित्रकाराचें नांव त्यांत बहुधा नसतेंच. अमेरिकेंतील ग्रंथालय-संघटना १९३८ पासून कॅल्डेकॉट पदक देत आली आहे, तें लेखकाला नव्हे, चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला. यांत औदार्य कांहीं नाहीं. वस्तुस्थितीची ओळख आहे. चित्रपुस्तकाचें अर्धें कथन चित्रकाराच्या हातचें असतें, आणि केव्हां केव्हां अर्ध्याहून पुष्कळ अधिक.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चित्रें असलेलें पुस्तक निराळें आणि चित्रपुस्तक निराळें. कोमेनियसनें १६५८ मध्यें न्यूरेंबर्ग येथें लॅटिन व जर्मन भाषांत आपला सचित्र 'ऑर्बिस पिक्टस' प्रसिद्ध केला. मुलांच्या शिक्षणांत चित्राला प्रतिष्ठा देणारा तो थोर ग्रंथ, यांत संशय नाहीं. परंतु त्यांतील चित्र शब्दाच्या चाकरीला आहे. शब्दानें ज्या वस्तूचें नांव घ्यावें, ती चित्रानें दाखवावी. आपलीं 'अ अननसाचा' जातीचीं पुस्तकें त्याच कुळांतलीं. त्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. पण तो भिंतीवरच्या तक्त्याचा उपयोग होय. चित्रपुस्तकांत शब्द आणि चित्र यांचें नातें धनी-चाकराचें नसतें. एक जें सांगत नाहीं, तें दुसरें सांगतें. आणि या दोहोंमध्यें जी फट राहते, तींतून मूल आंत शिरतें.

पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचें 'रोझीज वॉक' हें १९६८ सालचें पुस्तक याचें उत्तम उदाहरण आहे. त्यांत एकंदर शब्द ३२, आणि वाक्य एकच. रोझी नांवाची कोंबडी फिरावयास निघते. अंगण, तळें, गवताची गंजी, पिठाची चक्की, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या इतक्या गोष्टी मागें टाकून जेवणाच्या वेळीं घरीं परतते. शब्दांत एवढेंच आहे. इतकें निरस कथानक कोणी वाङ्मय म्हणून पुढें केलें असतें, तर आम्ही तें परत पाठविलें असतें. परंतु पान उघडतांच मुलाच्या दृष्टीस पडतो तो कोंबडीच्या मागोमाग येणारा कोल्हा. हा कोल्हा शब्दांत कोठेंहि नाहीं. तो उडी मारतो आणि दांताळ्याचा दांडा त्याच्याच नाकावर बसतो. पुन्हा झेंप घेतो आणि तळ्यांत पडतो. चक्कीपाशीं त्याच्या अंगावर पिठाचें पोतें रितें होतें. आणि शेंवटीं मधमाश्या त्याला डोंगरापलीकडे पिटाळून लावतात. कोंबडीला यांतलें कांहींच ठाऊक नाहीं. ती मान ताठ ठेवून चाललेली आहे. वाचून दाखविणारी आई शब्दांवरून बोट फिरविते आणि कोल्ह्याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. तेव्हां मांडीवरचें मूल ओरडून सांगतें कीं, मागें कोल्हा आहे! ज्याला अक्षर येत नाहीं, त्यालाच येथें गोष्ट अधिक समजली आहे. लेखकाला जें कळलें नाहीं असें वाटतें तें वाचकास कळावें, हा जो उपरोधाचा आनंद आम्ही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांस नाटकांच्या द्वारें समजावून देऊं पाहतों, तो तीन वर्षांच्या मुलास ३२ शब्दांत लाभतो. त्यापासून त्याला शिकायला काय मिळालें, हें आतां ज्यानें त्यानें ठरवावें.

हा आनंद परदेशीचाच आहे, असें मात्र कोणी समजूं नये. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन परतणाऱ्या म्हातारीची आणि तिच्या भोपळ्याची गोष्ट आपल्या घरोघरीं आहे. भोपळ्यांत म्हातारी बसली आहे, हें मुलास ठाऊक. वाटेंत दबा धरून बसलेल्या वाघास ठाऊक नाहीं. कोल्ह्याची नि कोंबडीची जी गंमत, तीच येथें उलट बाजूनें भरलेली आहे. पण या गोष्टीच्या ज्या सचित्र आवृत्त्या आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांत म्हातारी, भोपळा आणि वाघ हीं तिन्हीं एकमेकांशेजारीं फोटो काढावयास उभीं राहिल्यासारखीं दिसतात. शब्द सांगतात कीं भोपळा पळाला. चित्र दाखवितें कीं भोपळा पळाला. भोपळ्याच्या भोंकांतून दिसणारा एक डोळा, गवताबाहेर राहिलेलें वाघाचें शेंपूट, एवढें जरी चित्रकारानें शब्दांना न विचारतां काढलें असतें, तरी पुस्तकाचा नूर पालटता. गोष्टींचें दारिद्र्य आपल्याकडे नाहीं; चित्रकाराला गोष्ट सांगण्याचा अधिकार देण्याचें दारिद्र्य आहे.

मॉरिस सेंडॅक यांचें 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) पालकांना सुचविलें असतां ते चित्रांतल्या सुळ्यांच्या व नखांच्या राक्षसांकडे पाहून पुस्तक मिटतात. त्यांचा हा संकोच नवा नाहीं. ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारख्या नामांकित बालमानसशास्त्रज्ञानें १९६९ मध्यें एका अमेरिकन स्त्रीमासिकांत या पुस्तकावर आक्षेप घेतला. आणि तो घेतांना पुस्तक स्वतः वाचलें नव्हतें, इतरांकडून ऐकलें होतें! ज्यांनीं तें पाहिलें आहे, त्यांच्या लक्षांत येईल कीं, येथें भीतीला मोजमाप आहे. मॅक्स दांडगाई करतो, आई त्याला जेवण न देतां खोलींत पाठविते. त्या वेळीं चित्र पानाच्या मधोमध लहानसें, सभोंवार पांढरा कोरा समास. खोलींत रान उगवूं लागतें तसतसें चित्र वाढत जाऊन समास गिळतें, समोरच्या पानावर पसरतें, आणि राक्षसांच्या धिंगाण्याच्या वेळीं सलग तीन जोडपानांवर शब्दाला जागाच उरत नाहीं. राग हा असाच येतो आणि असाच ओसरतो. पुढें मॅक्स घरीं परततो, तेव्हां चित्र आटोपतें. परंतु शेंवटच्या खोलीचें चित्र पहिल्याइतकें लहान होत नाहीं, पानभर राहतें. जाऊन आलेलें मूल, गेलें होतें तेवढेंच राहिलेलें नाहीं ! आणि जेवण अजून ऊन आहे, ही वार्ता अगदीं शेंवटच्या पानावर चित्रावांचून, नुसत्या शब्दांत येते. आईचें प्रेम काढून दाखवावें लागत नाहीं, हें ज्या चित्रकाराला समजलें, त्याच्या हातीं आपलें मूल सोंपविण्यास आम्हांस भय वाटत नाहीं. या पुस्तकाला १९६४ चें कॅल्डेकॉट पदक मिळालें.

भयाचाच विषय निघाला आहे, तर बिअट्रिक्स पॉटर यांच्या 'पीटर रॅबिट'चेंहि स्मरण करूं. बागेंत जाऊं नकोस, तुझ्या वडिलांचा तेथेंच अंत झाला आणि त्यांचें जेवणाच्या ताटांत काय झालें, हें ससुली आपल्या पिलांना पहिल्याच पानांत शांतपणें सांगते. प्रकाशकांनीं नाकारल्यावर बाईंनीं १९०१ मध्यें स्वखर्चानें २५० प्रती काढल्या. १९०२ पासून तें पुस्तक बाजारांत आहे. लहान हातांत मावेल असाच आकार पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे भेट देण्यासाठीं घेतलेलें पुस्तक जितकें अवजड तितकें देणाऱ्याला समाधान, हें पाहिलें म्हणजे तो आग्रह पुन्हा सांगावासा वाटतो.

एरिक कार्ल यांच्या भुकेल्या सुरवंटाचें पुस्तक (१९६९) उपदेशप्रिय पालकांस आवडतें, कारण त्यांत वार आहेत, अंक आहेत, फळें आहेत. मुलांना तें आवडतें तें पानांना भोंकें आहेत म्हणून. दोघांनींहि घ्यावें.

आतां भाषेविषयीं. मुलाला इंग्रजी लवकर यावें म्हणून दोन वर्षांपासून इंग्रजी चित्रपुस्तकेंच आणणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांत ज्याचा जन्म गेला, त्यानें या भाषेची निंदा करण्याचें कारण नाहीं. परंतु चित्रपुस्तक हें मोठ्यानें वाचावयाचें असतें, आणि तें वाचणाऱ्या आजीचा किंवा बापाचा आवाज ज्या भाषेंत मोकळा होतो, तीच त्या पुस्तकाची भाषा होय. अडखळत वाचलेल्या इंग्रजी वाक्यापेक्षां 'रोझीज वॉक'चीं चित्रें पुढें धरून आपल्या मराठींत सांगितलेली गोष्ट शतपटीनें बरी. तेथें ३२ शब्दांचेंच भाषांतर करावयाचें आहे!

मराठींत जीं भाषांतरित पुस्तकें मिळतात, त्यांत मात्र एक अडचण वारंवार जाणवते. बहुरंगी छपाईंत काळ्या शाईची प्लेट तेवढी बदलली कीं, तेंच चित्र दुसऱ्या भाषेंत छापतां येतें. १९५७ मध्यें स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला, अथवा चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचीं पुस्तकें, एकाच चित्रांवर अनेक भाषांत निघतात आणि त्यामुळेंच अनेकांना परवडतात. हा लाभ थोर आहे. पण मूळ मजकुराला जेवढी जागा, तेवढींतच मराठी बसवावी लागते. मग भाषांतरकार वाक्य आंखडतो, किंवा मूळ शब्दाला शब्द लावून मोकळा होतो. 'तो आनंदित झाला' असें मराठींत कोणती आई म्हणते ? परीक्षा सोपी आहे. दुकानांतच दोन पानें मोठ्यानें वाचावीं. जीभ अडली, तर पुस्तक परत ठेवावें. जें पुस्तक रोज रात्रीं महिनाभर वाचावें लागणार आहे, त्याच्या बाबतींत ही सावधगिरी वाचणाऱ्याच्याहि हिताची आहे.

या कसोटीला निःशंकपणें उतरणारीं मराठी पुस्तकें माधुरी पुरंदरे यांचीं. लेखिका आणि चित्रकर्ती एकच असल्यानें शब्दाला कोठें थांबावें हें तेथें चित्राला विचारूनच ठरतें. 'राधाचं घर' मध्यें घर आहे, घरांतलीं माणसें आहेत, आणि त्यांच्याविषयीं मुलीला जें दिसतें तें आहे. आदर्श पिता किंवा आदर्श माता तेथें कोणी नाहीं. वाक्यें बोललेल्या मराठींतलीं आहेत. कोणी म्हणेल कीं, अशा मध्यमवर्गीय घराबाहेरचें मूल या पुस्तकांत स्वतःला कितपत ओळखील ? आक्षेप योग्य आहे. पण तो या लेखिकेवर नसून तिच्यासारखे आणखी दहा लेखक-चित्रकार ज्यांनीं तयार केले नाहींत, त्यांच्यावर आहे. पाड्यावरच्या, ऊसतोडीच्या तळावरच्या, चाळींतल्या मुलाचें घर याच तोडीनें चितारलेलें आम्हांला पाहावयाचें आहे.

अनुष्का रविशंकर यांचें 'टायगर ऑन अ ट्री' (१९९७) पुलक बिस्वास यांच्या चित्रांसाठीं अवश्य पाहावें. रंग मोजून दोन. एक काळा आणि एक वाघाचा. झाडावर चढून बसलेल्या वाघाचें करावें काय, या प्रश्नावर सारा गांव जमा होतो, आणि त्या गर्दीतल्या माणसांच्या नुसत्या हातवाऱ्यांवरून त्यांच्या वादाचा आवाज ऐकूं येतो. बोध शोधूनहि सांपडत नाहीं. मजकूर इंग्रजी पद्यांत आहे आणि त्याची सगळी मौज नादांत असल्यानें त्याचें मराठी करणें सोपें काम नव्हे. एखाद्या चांगल्या कवीनें तें अंगावर घ्यावें.

अगदीं आरंभीं एकच पुस्तक आणावयाचें असेल, तर पुरंदरे यांचेंच 'चित्रवाचन' आणावें. त्यांत मुलानें चित्र पाहावयाचें आणि बोलावयाचें. मोठ्या माणसानें ऐकावयाचें. तें कपाटांत वर ठेवूं नये, मुलाच्या हाताला लागेल असें खालीं ठेवावें. कोपरे चावले जातील, एखादें पान फाटेल. मागाहून दुसरी प्रत घ्यावी.