८०२.१क्यू मानक आणि विभाजनाची कल्पना : एक परीक्षण

इथरनेटच्या विकासात आय-ट्रिपल-ई या संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ८०२.१क्यू या मानकाचे स्थान महत्त्वाचे आहे. एकाच स्विचवर व एकाच तारेवर अनेक स्वतंत्र जाळी नांदविण्याची रीत त्याने सर्वमान्य केली. या आभासी जाळ्यांना व्यवहारात ‘व्हीलॅन’ म्हणतात. तथापि व्हीलॅन म्हणजे दोन गटांमधील भिंत, ही समजूत जी रूढ झाली आहे, तिला या मानकाचा आधार कितपत आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण जाळ्याची आखणी बहुधा याच समजुतीवर उभारली जाते.

मानकाचा प्रमुख गुण त्याच्या मितव्ययात आहे. सिस्कोच्या आयएसएल पद्धतीत संपूर्ण फ्रेमला वेष्टन घालावे लागे व त्यापायी ३० बाइटांचा भार वाढे. ८०२.१क्यूमध्ये फ्रेमच्या आत केवळ ४ बाइटांचा टॅग घातला जातो. त्यातील १६ बिट ओळखीसाठी, ३ प्राधान्यासाठी, १ गर्दीच्या वेळी फ्रेम टाकून देता येईल की नाही हे सांगण्यासाठी आणि १२ व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. १२ बिटांतून ४०९६ क्रमांक मिळतात. ० व ४०९५ राखीव असल्याने ४०९४ उरतात. प्रचंड माहितीकेंद्रांना ही संख्या अपुरी पडली, म्हणून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅनमध्ये २४ बिटांचा क्रमांक आला. परंतु महाविद्यालय वा कचेरी यांच्या दृष्टीने हा आक्षेप गौण होय.

खरा दोष टॅग नसलेल्या फ्रेमविषयीच्या उदारतेत आहे. जुन्या यंत्रांना टॅग कळत नाही. त्यांच्या सोयीसाठी मानकाने प्रत्येक पोर्टला एक क्रमांक बहाल केला, आणि टॅगविना आलेली फ्रेम त्या क्रमांकाच्या व्हीलॅनमधील समजावी असे ठरविले. हा क्रमांक मुळात १ असतो. शिवाय आत येणारी फ्रेम कोणत्या व्हीलॅनमध्ये गणावी आणि त्या व्हीलॅनच्या फ्रेमा कोणत्या पोर्टमधून बाहेर जाव्यात, या दोन स्वतंत्र नेमणुका आहेत. एक केली व दुसरी विसरली, तर जाळे अर्धवट चालते. आलेल्या फ्रेमचा व्हीलॅन त्या पोर्टचा आहे काय, ही तपासणीदेखील मानकाने मुळात बंद ठेवली आहे.

याचा परिणाम दुहेरी टॅगच्या हल्ल्यात दिसतो. दोन स्विचमधील दुव्यावर ज्या व्हीलॅनच्या फ्रेमा टॅगविना जातात, त्याच व्हीलॅनमधील यंत्राने दोन टॅग लावून फ्रेम धाडली व पहिल्या स्विचने ती स्वीकारली, तर तो बाहेरचा टॅग काढून ती पुढे पाठवितो. दुसरा स्विच आतील टॅग वाचून ती परक्या व्हीलॅनमध्ये सोडतो. उत्तर परत येत नाही हे खरे. पण मर्यादा ओलांडली गेलेली असते.

म्हणून मानकाने जे मोकळे सोडले, ते आखणीने बांधून घ्यावे लागते. समजा, कार्यालयास १०, प्रयोगशाळेस २० व विद्यार्थ्यांस ३० हे क्रमांक दिले. स्विचमधील दुव्यावर हे तीनच व्हीलॅन, तेही टॅगसह, न्यावेत. टॅगविना येणाऱ्या फ्रेमांसाठी ९९९ सारखा, कोणत्याही यंत्राला न दिलेला क्रमांक ठेवावा. यंत्रांच्या पोर्टवर टॅगरहित फ्रेमाच स्वीकाराव्यात, प्रवेशाची तपासणी चालू करावी आणि रिकामे पोर्ट बंद ठेवावेत. परिभाषेचीही दक्षता हवी : सिस्कोच्या भाषेत ‘ट्रंक’ म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारा दुवा, तर एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचांवर त्याचा अर्थ अनेक दुव्यांची एकत्र बांधलेली मोळी असा होतो.

एवढ्यानेही विभाजन पूर्ण होत नाही. प्रत्येक गटाला आयपी पत्त्यांचा स्वतंत्र उपविभाग देऊन स्विचवर राउटिंग सुरू केले, की तिन्ही गट पुन्हा परस्परांस भेटू लागतात. कोणी कोणाकडे जावे हे तेथून पुढे प्रवेशनियमच ठरवितात. तात्पर्य, ८०२.१क्यू हे फ्रेमांचे वर्गीकरण करणारे व प्रसारणाची कक्षा आखणारे मानक आहे, आणि त्या कार्यात ते यशस्वी ठरले आहे. संरक्षणाचे श्रेय मात्र त्याला न देता त्याभोवती केलेल्या आखणीला द्यावयास हवे. अध्यापनात हा भेद स्पष्ट झाला नाही, तर क्रमांक देऊन झाल्यावर काम संपले असे मानणारे पदवीधर निर्माण होतील.