‘२०% हायड्रोजन’ म्हणजे नक्की कशाचे २०%?



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी एक स्लाइड लावली होती: ‘गॅस टर्बाइनच्या इंधनात ३०% हायड्रोजन, म्हणजे कार्बन उत्सर्जन ३०% कमी.’ गाइड सरांनी एवढंच विचारलं, “तीस टक्के कशाचे?” मला उत्तर देता आलं नाही. चूक माझीच होती. पण पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की या विषयावरचं बरंचसं लिखाण वाचकाला त्याच खड्ड्याकडे नेतं.

२०२२ ची अटलांटाजवळच्या मॅकडोनो-अ‍ॅटकिन्सन वीजकेंद्रातली चाचणी घ्या. जॉर्जिया पॉवर, मित्सुबिशी पॉवर आणि ईपीआरआय यांनी तिथल्या एका टर्बाइनमध्ये नैसर्गिक वायूत २०% हायड्रोजन मिसळून जाळला. कार्बन डायऑक्साइड घटला सुमारे ७%. हा आकडा त्यांनी स्वतःच दिलाय, लपवलेला नाही. तरी लोकांच्या लक्षात राहतो तो २०च.

हा फरक का पडतो? २०% हे आकारमानाने आहेत. एक घनमीटर हायड्रोजनमधून साधारण १०.८ मेगाज्यूल उष्णता मिळते, मिथेनमधून ३५.८. आता वहीत मांडून बघा: ०.२ × १०.८ = २.१६ आणि ०.८ × ३५.८ = २८.६४. एकूण उष्णतेत हायड्रोजनचा वाटा जेमतेम ७% निघतो. हेच गणित ५०% मिश्रणासाठी केलं तर वाटा २३% येतो. माझ्या स्लाइडवरचे ३०% खरे तर ११% होते!

मग आकारमानाचा टक्का फसवा आहे का? नाही. बर्नर बनवणाऱ्याला तोच लागतो. हायड्रोजनची ज्योत मिथेनपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. हवा आणि इंधन आधीच मिसळणाऱ्या बर्नरमध्ये ती उलटी आत शिरू शकते, त्यालाच फ्लॅशबॅक म्हणतात. म्हणून चालू वीजकेंद्रात २०% जाळणं हे अभियांत्रिकीचं खरं यश आहे. माझा आक्षेप एवढाच, की ज्वलनाचा आकडा हवामानाचा आकडा म्हणून वापरला जातो.

दुसरा आक्षेप सीमेचा. ती ७% घट धुरांड्यातली आहे. हायड्रोजन आला कुठून, हे तिच्यात येत नाही. नैसर्गिक वायूपासून, कार्बन न पकडता, १ किलो हायड्रोजन बनवताना साधारण ९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो १ किलो जाळून २.४ किलो मिथेन वाचतं, म्हणजे ६.६ किलो कार्बन डायऑक्साइड. असा हायड्रोजन वापरला तर उत्सर्जन घटण्याऐवजी वाढतं. हरित हायड्रोजनमध्ये ही अडचण नाही, पण १ किलोसाठी ५० युनिटच्या वर वीज लागते आणि ६०% कार्यक्षमतेच्या केंद्रातून परत मिळतात जेमतेम २० युनिट.

तिसरा मुद्दा उलट्या बाजूचा, इथे हायड्रोजनवरच अन्याय होतो. नायट्रोजन ऑक्साइड्स (नॉक्स) बहुतेक पेपरमध्ये ‘कोरडा वायू, १५% ऑक्सिजन’ या हिशोबाने पीपीएममध्ये देतात. हायड्रोजन जळून पाणी होतं आणि मोजण्याआधी ते काढून टाकतात. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी ऑक्सिजनही कमी खर्च होतो. त्यामुळे तेवढ्याच उष्णतेमागे नॉक्स तेवढंच असलं तरी पीपीएमचा आकडा फुगतो, शुद्ध हायड्रोजनसाठी जवळजवळ ४०%. जॉर्जिया टेकच्या गटाने २०२२ मध्ये हे नीट मांडलं. याचा अर्थ नॉक्सचा प्रश्नच नाही, असं नाही. ज्योतीचं तापमान वाढलं तर नॉक्स खरोखर वाढतं. पण खरी वाढ किती आणि मोजपट्टीची किती, हे वेगळं केल्याशिवाय दोन इंधनांची तुलना करू नये. प्रति मेगाज्यूल मिलिग्रॅम हे एकक त्यासाठी बरं.

तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा पेपरमधला टक्का तसाच उचलू नका. तो आकारमानाचा की ऊर्जेचा, सीमा कुठे आखलीय, नॉक्स कुठल्या एककात आहे, एवढं आपल्या तक्त्यात प्रत्येक पेपरसमोर लिहा. पेपरमध्ये ते दिलेलं नसेल तर ‘दिलेलं नाही’ असंच लिहा. माझ्या तक्त्यात असे रकाने बरेच आहेत, आणि माझ्या रिव्ह्यूचा सगळ्यात कामाचा भाग तोच ठरला.