रोज ६५ लाख डॉलर, पण कशाला भागून?

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी एक आकडा डोळे झाकून उचलला होता. आज तो आकडा आणि तो ज्या निबंधातून आला तो निबंध, दोन्ही तपासायला बसलेय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधनाचा आराखडा लिहिताय, आणि तुम्हीही असा एखादा आकडा उचलणार याची मला जवळजवळ खात्री आहे.

माझा विषय सरकारी खर्चाचं मोजमाप. धरण, मेट्रो, युद्धनौका अशी पन्नास वर्षं टिकणारी गोष्ट ‘महाग’ आहे असं म्हणताना आपण नेमकं काय मोजतो, एवढाच प्रश्न. उदाहरण म्हणून मी अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांचा ताफा घेतला होता. सादरीकरणाच्या पहिल्याच स्लाइडवर ठोकून दिलं: विमानवाहू जहाजाचा एक गट चालवायला रोज ६५ लाख डॉलर लागतात. मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, “बरं. उद्या हा गट बंदरात उभा करून ठेवला, तर रोज ६५ लाख वाचतील का?”

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येईल का? वाचता वाचता डोक्यात ठेवा.

हा आकडा आला होता ‘अॅट व्हॉट कॉस्ट अ कॅरिअर?’ या निबंधातून. लेखक हेन्री हेंड्रिक्स. मार्च २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘सेंटर फॉर अ न्यू अमेरिकन सिक्युरिटी’ या संस्थेने तो प्रसिद्ध केला, तेव्हा ते अमेरिकी नौदलात कॅप्टन होते. नौदलातल्याच माणसाने नौदलाच्या सर्वात लाडक्या जहाजाची किंमत विचारली, म्हणून निबंध गाजला. आजही या विषयावरच्या चर्चेत त्यातले आकडे फिरत असतात. म्हणून तो नीट वाचायला हवा.

निबंधाचा सांगावा सोपा आहे. विमानवाहू जहाज अतिशय महाग झालंय, ते देत असलेला मारा त्या मानाने कमी आहे, आणि चीनच्या जहाजविरोधी क्षेपणास्त्रांपुढे ते असुरक्षित आहे. म्हणून पैसा पाणबुड्या, क्षेपणास्त्रं आणि चालकविरहित विमानांकडे वळवा. हे सांगायला तीन आकडे वापरलेत. तिन्ही एकेक करून बघू.

पहिला, रोजचे ६५ लाख. हेंड्रिक्स स्वतः स्पष्ट लिहितात की यात विमानांचा ताफा, सोबतची पाच युद्धजहाजं आणि एक पाणबुडी यांचा आयुष्यभराचा खर्च आणि सुमारे ६,७०० माणसांचा खर्च धरलाय. म्हणजे एकदाच झालेली खरेदीसुद्धा दिवसांमध्ये वाटून टाकली आहे. हे चूक नाही. याला सरासरी खर्च म्हणतात. पण आपण वाचताना ‘चालवायला लागतात’ असं वाचतो आणि मनात धरतो सीमांत खर्च, म्हणजे अजून एक दिवस चालवला तर वाढणारा आणि थांबवला तर वाचणारा पैसा. जहाज बंदरात उभं केलं तर विमानांचं इंधन वाचेल, थोडा दारूगोळा वाचेल, पण बांधणीचे पैसे गेले ते गेलेच. पगार चालूच. मार्गदर्शकांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. ‘ताफा ठेवावा की नाही’ या प्रश्नाला सरासरी खर्च लागतो, ‘या महिन्यात जहाज पाठवावं की नाही’ याला सीमांत. मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या आकड्याने देत होते.

दुसरा आकडा जास्त चमकदार आहे: एका बॉम्बला ७५ लाख डॉलर. हिशेब असा. एका एफ/ए-१८ विमानाचा आयुष्यभराचा खर्च सुमारे १२ कोटी डॉलर. दहा वर्षांच्या युद्धांत विमानामागे सरासरी १६ बॉम्ब टाकले गेले. भागा. मग शेजारी ठेवा टॉमाहॉक क्षेपणास्त्र, एक सुमारे २० लाख डॉलरचं. झालं, विमान हरलं.

इथे थांबा. छेदात काय आहे? बॉम्ब. म्हणजे विमानवाहू जहाजाचं काम फक्त बॉम्ब टाकणं, हे गृहीत धरलंय, आणि कुठेही तसं म्हटलेलं नाही. अग्निशमन दलाचा वर्षाचा खर्च विझवलेल्या आगींनी भागून बघा. ज्या गावात आगी कमी, तिथलं दल सर्वात ‘महाग’ निघेल! २००१ च्या अफगाणिस्तान मोहिमेतलं ‘किटी हॉक’ आठवा. जवळपास हक्काचा जमिनीवरचा तळ नव्हता, म्हणून या जहाजाने आपली बरीचशी विमानं मागे ठेवली आणि विशेष दलांची हेलिकॉप्टरं घेऊन ते तरंगता तळ बनलं. या कामाची नोंद बॉम्बच्या छेदात कुठे होणार? कुठेच नाही.

आणि शेजारी ठेवलेले २० लाख बघा. ती क्षेपणास्त्राची किंमत आहे. ते वाहून नेणारी विनाशिका, तिचे खलाशी, तिची दुरुस्ती या भागाकारात नाही. एका बाजूला विमानाचं आख्खं आयुष्य, दुसऱ्या बाजूला नुसती गोळी. रिक्षाचं भाडं मोजताना रिक्षाची किंमत धरायची आणि एसटीचं मोजताना फक्त तिकीट, असं झालं हे.

तिसरा आकडा १,२२७. फोर्ड वर्गाच्या एका जहाजाला १३.५ अब्ज डॉलर, चीनच्या डीएफ-२१डी क्षेपणास्त्राला अंदाजे १ कोटी १० लाख. भागाकार केला की एका जहाजाच्या किमतीत १,२२७ क्षेपणास्त्रं. वाचणारा हबकतोच. पण हलतं जहाज समुद्रात शोधायला उपग्रह लागतात, रडार लागतात, मिळालेली माहिती वेळेत पोचवणारी यंत्रणा लागते. तो खर्च कुठाय? पुन्हा तीच गंमत, एकीकडे सगळं आणि दुसरीकडे फक्त शेवटचा तुकडा.

मग निबंध टाकाऊ आहे का? मुळीच नाही. नवीन संशोधक इथेच घसरतात. तीन आकडे पाडले की लेखक पाडला असं त्यांना वाटतं. हेंड्रिक्स यांचा मूळ मुद्दा या भागाकारांवर उभाच नाही. तो पल्ल्यावर उभा आहे. डीएफ-२१डी चा पल्ला साधारण १,५०० किलोमीटर धरला जातो, आणि जहाजावरच्या विमानांचा मारा हवेत इंधन न भरता त्याहून बराच कमी. म्हणजे विमानं कामाला येतील इतकं जवळ जायचं, तर जहाज क्षेपणास्त्राच्या टप्प्यात येतं. क्षेपणास्त्राची किंमत दुप्पट धरा, चौपट धरा, हा प्रश्न तसाच राहतो. २०१५ मध्ये त्यांनी ‘रिट्रीट फ्रॉम रेंज’ हा दुसरा निबंध लिहिला, त्यात हाच धागा पुढे नेलाय: जहाजापेक्षा त्यावरच्या विमानांचा घटलेला पल्ला हे खरं दुखणं. माझ्या मते तो निबंध जास्त भक्कम आहे, आणि गाजला मात्र पहिला. चमकदार भागाकार लवकर पसरतो, दुसरं काय!

चांगला हिशेब कसा दिसतो? त्यासाठी जुना, कंटाळवाणा वाटणारा एक अहवाल सुचवते. जीएओ ही अमेरिकी संसदेसाठी काम करणारी, आपल्या कॅगसारखी लेखापरीक्षण संस्था. तिने १९९८ मध्ये अणुशक्तीवर आणि साध्या इंधनावर चालणाऱ्या विमानवाहू जहाजांची तुलना केली. ५० वर्षांच्या आयुष्याचा खर्च, १९९७ च्या डॉलरमध्ये: अणुशक्तीवर २२.२ अब्ज, साध्या इंधनावर १४.१ अब्ज. दोन्ही बाजूंना तीच मोजपट्टी, तीच वर्षं, तेच डॉलर. संरक्षण खात्याला निष्कर्ष पटला नाही, पण वाद नेमका कुठे आहे ते दोघांना कळत होतं. अहवालाची मर्यादाही उघड आहे. ‘कुठलं इंजिन’ एवढाच प्रश्न त्यात आहे, ‘जहाज हवं का’ हा नाही.

आता दुसरी बाजूही तपासू, कारण विमानवाहू जहाजांचे समर्थक तर छेदच लिहीत नाहीत. ‘उपस्थितीमुळे धाक बसतो’ म्हणतात. धाक मोजायचा कसा? आपल्या आठवणीतलंच उदाहरण घ्या. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेने ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागरात पाठवलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झालीच. जहाजाचा उपयोग झाला नाही म्हणायचं? की ते पाकिस्तानला वाचवायला नव्हे, चीनला आणि सोव्हिएत रशियाला काहीतरी दाखवायला आलं होतं? हेतू काय होता हे ठरल्याशिवाय उपयोग मोजताच येत नाही. हेतू मागाहून ठरवला, तर प्रत्येक फेरी यशस्वीच.

आणि हेतूची चर्चा न होता संख्या ठरली की काय होतं, तेही बघा. अमेरिकी कायद्यातच लिहिलंय की नौदलाकडे किमान ११ विमानवाहू जहाजं हवीत. आधी १२ होती, मग ११ केली. २०१२ च्या अखेरीस ‘एंटरप्राइझ’ सेवेतून गेलं आणि २०१७ मध्ये ‘फोर्ड’ दाखल झालं, त्या मधल्या काळासाठी १० ची खास सवलत द्यावी लागली. २०१९ मध्ये संरक्षण खात्याने ‘ट्रुमन’मध्ये नवं अणुइंधन न भरता ते अर्ध्या आयुष्यातच निवृत्त करायचं सुचवलं. काही आठवड्यांत उपराष्ट्राध्यक्षांनी त्याच जहाजावर उभं राहून तो प्रस्ताव मागे घेतल्याचं जाहीर केलं. इथे संख्या आधी आहे, कारण नंतर शोधलं जातं.

या संख्येचा भार कुणावर पडतो? एक जहाज मोहिमेवर असतं तेव्हा साधारण एक दुरुस्तीत आणि एक सरावात असतं. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ची मधल्या आयुष्यातली मोठी दुरुस्ती २०१७ मध्ये सुरू झाली. चार वर्षांत संपायची ती जवळपास सहा वर्षं चालली. त्या काळात काही खलाशी गोदीतल्या त्याच जहाजावर, यंत्रांच्या आवाजात राहत होते. एप्रिल २०२२ मध्ये एका आठवड्यात त्या जहाजावरच्या तिघांनी आत्महत्या केली. नौदलाच्या चौकशीने या तीन मृत्यूंचा एकमेकांशी थेट संबंध नसल्याचं सांगितलं, पण गोदीतल्या राहणीमानाचा प्रश्न त्यानंतर टाळता आला नाही. ६५ लाखांच्या आकड्यात ६,७०० माणसांचे पगार आहेत. ही गोष्ट त्यात नाही, आणि ती कुठल्याही छेदाने भागता येणार नाही. तरी ती खर्चच आहे. तुमच्या तक्त्यात बसत नाही म्हणून प्रबंधातून गाळू नका, शब्दांत लिहा.

आपल्याकडेही हा वाद आहेच. ‘विक्रांत’ २०२२ मध्ये कोचीला दाखल झाली, खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये. तिसरी विमानवाहू नौका हवी की पाणबुड्या, यावर लेख येत राहतात, आणि त्यात ‘एवढ्या पैशात इतक्या पाणबुड्या’ हा भागाकार हमखास असतो. असा लेख हातात आला की तीन गोष्टी विचारा. कशाने भागलं? दोन्ही बाजूंना तेच धरलं का? आणि आकडा चुकीचा निघाला तर युक्तिवाद पडतो, की उभा राहतो?

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, आणि तो आधी स्वतःच्या आराखड्याला विचारा. माझी ती स्लाइड अजून आहे, फक्त वाक्य बदललंय: “आयुष्यभराचा खर्च दिवसांत वाटला तर रोज सरासरी ६५ लाख डॉलर, गट बंदरात उभा केला तर यातला बराचसा वाचत नाही.” वाक्य लांबलं, दिमाख गेला. पण आता कुणी प्रश्न विचारला, तर उत्तर देता येतं.