कर्त्यावाचून क्रियापद

मराठी वाङ्मयेतिहासाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडावे आणि वाक्यांची अखेर तेवढी वाचीत जावे. ‘मानले जाते’, ‘समजले जाते’, ‘ओळखले जाते’, ‘म्हटले गेले आहे’ अशी मिरवणूकच डोळ्यांपुढून जाईल. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857) ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. केशवसुत हे आधुनिक मराठी कवितेचे जनक समजले जातात. वाचक मान डोलावतो व पान उलटतो. कोणी मानले, केव्हा मानले, कशावरून मानले, हे विचारण्याचे त्यास सुचत नाही. कारण ज्याला विचारावे असा माणूसच त्या वाक्यात नसतो.

ही वाक्यरचना आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या परिचयाची आहे. ‘इट हॅज बीन डिसायडेड’, ‘इट हॅज कम टु नोटिस’, ‘इट इज बिलीव्हड’ या इंग्रजी दप्तरी वाक्यांवर आपली नोकरी चालते. राजभाषा नियम, 1976 प्रमाणे राजस्थान ‘क’ क्षेत्रात मोडतो. म्हणून येथे जयपुरात तीच वाक्ये हिंदी वेषात येतात. पत्र लिहिणारा ‘मुझे यह कहने का निदेश हुआ है’ असे लिहितो, आणि कार्यालयीन ज्ञापनात तर ‘मी’सुद्धा लोपून त्याच्या जागी ‘अधोहस्ताक्षरी’ येऊन बसतो. दप्तरातले हे वळण समीक्षेत शिरले तर त्यात वावगे काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक सोपी समजूत दूर सारली पाहिजे. ही सारी इंग्रजीची देणगी, मूळ मराठीला असले काही ठाऊकच नव्हते, असे म्हणणे खरे नव्हे. संस्कृतातील ‘श्रूयते’ आणि ‘उच्यते’ कर्त्याचे नाव न घेताच उभी राहतात. जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी रूपे होती. व्याकरणकारांनी त्यांस पुराणकर्मणी म्हटले. त्यांतलेच ‘पाहिजे’ आपण अजूनही दिवसातून शंभरदा उच्चारतो. आणि ‘म्हणजे’ हा शब्दही त्याच घराण्यातला. तेव्हा अकर्तृक बोलणे हे परके पाप नव्हे.

परंतु मराठीचा स्वभाव पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. आपला रोजचा कर्मणी प्रयोग कर्त्याला घालवून देत नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद आंब्याच्या मागे चालते खरे, पण राम तृतीयेचा प्रत्यय लावून दाराशी उभाच असतो. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळी घ्या. त्या मराठीतल्या पहिल्या की नव्हेत, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. त्या ओळी एवढेच सांगतात, की हे चावुंडराजाने करविले आणि भोवतालचे काम गंगराजाने करविले. प्रयोग कर्मणीच, पण करविणारा नावानिशी! ‘जाणे’ या क्रियापदाच्या साह्याने होणारी, इंग्रजीच्या वळणाची रचना निराळी. तिला व्याकरणाच्या पुस्तकांत नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी असे नाव आहे. तीत कर्त्याला ‘कडून’ लावून आत घेता येते. पण न घेतले तरी वाक्य पूर्ण होते, आणि लेखक बहुधा घेत नाहीच.

ऐकीव गोष्ट सांगण्यासाठीही मराठीजवळ स्वतःची साधने आहेत. ‘तो म्हणे आजारी आहे’ या वाक्यातील ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द किती प्रामाणिक आहे पाहा! मी हे ऐकले, पण त्याची हमी माझ्याकडे मागू नका, असे तो उघड सांगतो. मराठ्यांचे वकील दिल्लीस आणि राजपुतान्यात राहून पुण्यास बातमी कळवीत, तेव्हा वदंतेसाठी ‘अवाई’ हा निराळा शब्द त्यांच्या हाताशी होता. जोधपूरच्या दरबारी असलेले कृष्णाजी जगन्नाथ यांची पत्रे पारसनीसांनी छापून काढली आहेत. घरापासून दूर नेमणुकीवर राहून लिहिणाऱ्या त्या पूर्वजांच्या शब्दावर फौजा हलावयाच्या होत्या. ‘अवाई’ आणि ‘वर्तमान’ यांत गल्लत करणे त्यांना परवडण्याजोगे नव्हते. ‘असे मानले जाते’ हे मात्र ‘म्हणे’च्या अगदी उलट वागते. ते ऐकीव गोष्टच सांगते, पण निकालपत्राच्या आवाजात.

आता दप्तराकडे वळू. समीक्षक ज्याला विसरतात असा भेद एखाद्या कारकुनालाच चटकन दिसावा, हे स्वाभाविक आहे. ‘असा निर्णय घेण्यात आला आहे’ हे वाक्य बाहेर जाणाऱ्या पत्रात निर्नाम असते, पण फायलीत नसते. तेथे टिपणीच्या पानावर कारकुनाने काय मांडले, त्यावर अधिकाऱ्याने काय शेरा मारला, संमती कोणी दिली, हे सहीतारखेनिशी नोंदलेले असते. पत्रातील कर्ता झाकला जातो तो निर्णय व्यक्तीचा नसून शासनाचा आहे हे दाखविण्यासाठी. झाकला जातो, नाहीसा होत नाही.

आणि हे झाकण उघडण्याचा हक्क लोकांनी मागितला, तोही याच राजस्थानात. मजदूर किसान शक्ती संघटनाने डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना गावी पहिली जनसुनावणी भरविली. तेथे कार्यकर्त्यांनी सरकारी कामांचे हजेरीपट गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखविले. ‘मजुरी देण्यात आली’ या कागदी वाक्यावर, कोणाला दिली, एवढाच प्रश्न होता. आणि ज्यांची नावे पटावर होती ती माणसे समोरच बसली होती. 1996 साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले, 2000 साली राजस्थानने स्वतःचा कायदा केला आणि 2005 साली देशभराचा माहितीचा अधिकार अधिनियम आला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे कार्यालयाचे कर्तव्य ठरविले. कर्त्याचा शोध हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे, हे यावरून उघड व्हावे.

समीक्षेतील ‘मानले जाते’च्या मागे मात्र अशी फाइल नाही. ‘यमुनापर्यटन’चेच उदाहरण पुन्हा घेऊ. त्यापूर्वी, 1841 साली, हरी केशवजींनी बनियनच्या ग्रंथाचे ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर केले होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली ती 1861 साली. भाषांतरास कादंबरी म्हणावयाचे की नाही? विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडवून ख्रिस्ती धर्माकडे वळविणाऱ्या कथेला कादंबरी म्हणावे, की प्रचाराची पुस्तिका? अद्भुतरम्य कथानकाला हा मान द्यावा काय? या प्रश्नांची जी उत्तरे आपण देऊ, त्यांवर ‘पहिली’ कोणती हे ठरणार. खरी समीक्षा आहे ती येथे, या निवडीत. ‘मानली जाते’ या दोन शब्दांनी तीच नेमकी गाळून टाकली. विद्यार्थ्याच्या हाती निकाल पडला, खटला पडला नाही. ज्या मताला धनी नाही त्या मताचे खंडनही कोणाला करता येत नाही; मग ते पुस्तकामागून पुस्तकात उतरत जाते आणि वयोमानाने सत्य ठरते.

याउलट आपल्या गद्याच्या आरंभीच किती स्वच्छ आदर्श आहे! म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन. मूळ पोथी नाहीशी झाल्यावर अनुयायांनी आठवणींतून ती पुन्हा सिद्ध केली, तेव्हा हिराइसेसारख्या सांगणाऱ्यांची नावे पाठांना चिकटून राहिली. तेराव्या-चौदाव्या शतकातील त्या भाविकांना जी जबाबदारी जाणवली, ती विसाव्या-एकविसाव्या शतकातील प्राध्यापकांना जड का वाटावी?

कोणी म्हणेल, प्रत्येक वाक्यास नाव जोडू गेल्यास लेखन साक्षीदारांची यादी होऊन बसेल. आक्षेप रास्त आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे सांगताना कोपर्निकसाला हाक मारण्याचे कारण नाही. जेथे वाद नाही तेथे नाव नको. आणि तेथे ‘मानले जाते’ही नको, साधे ‘आहे’ पुरे. जेथे वाद आहे तेथे ‘अमक्याच्या मते’ लिहावे. तसा अमका शोधूनही न सापडला, तर ‘मला वाटते’ असे लिहिण्याचे धैर्य दाखवावे. ‘मी’ लिहिण्याचा संकोच हा विनय नव्हे. आपले मत जगाच्या नावावर खपविण्यापेक्षा आपल्या नावावर मांडणे यातच अधिक नम्रता आहे.

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिताना मल्लिनाथाने आरंभीच प्रतिज्ञा केली, की मूळ आधारावाचून आपण काहीही लिहिणार नाही. मौजेची गोष्ट ही, की त्या प्रतिज्ञेतील ‘लिख्यते’ आणि ‘उच्यते’ ही दोन्ही क्रियापदे कर्मणीच आहेत, आणि कर्ता तेथेही बोललेला नाही. पण प्रतिज्ञा करणारा मल्लिनाथ आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि पुढे पानोपानी तो कोशाचे व व्याकरणाचे आधार नावानिशी देत जातो. दोष कर्मणी प्रयोगाचा नाही. त्याच्या मागे मूळ आहे की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.