पीएचपीमधील पॅरामीटर-वाचन : एक चिकित्सा

वेबपत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचे मूल्य वापरकर्त्याच्या हाती असते. म्हणून ते विश्वासार्ह मानता येत नाही. अशी मूल्ये आपोआप चलांत उतरवणारी पीएचपीतील 'रजिस्टर ग्लोबल्स' ही सोय २००२ मध्ये मूळ मांडणीतच बंद ठेवण्यात आली आणि २०१२ मध्ये भाषेतूनच वगळण्यात आली. मूल्याचे सरळ पूर्णांकात रूपांतर करण्याचा पर्याय त्याहून बरा खरा. त्याने घातक मजकूर रोखला जातो. परंतु त्याला पुरेसा मानणे चुकीचे आहे. वसई-विरारमधील नागरिकाने प्रभाग क्रमांक देवनागरी अंकांत '१२' असा दिल्यास हे रूपांतर निमूटपणे शून्य देते. येथे सुरक्षितता राहते, सत्य हरवते. २००६ मधील ५.२ आवृत्तीत आलेले 'फिल्टर इनपुट' पूर्णांक-तपासणीत अमान्य मूल्यास 'फॉल्स' व अनुपस्थित मूल्यास 'नल' देऊन हा भेद जपते. याउलट, केवळ रोमन अक्षरे स्वीकारणारी तपासणी 'वसई' हा निर्दोष शब्द नाकारते. त्यातील ३ अक्षरांचे यूटीएफ-८ मध्ये ९ बाइट आणि पत्त्यात २७ चिन्हे होतात; त्यामुळे बाइट मोजून घातलेली मर्यादाही फसवी ठरते. सारांश, परक्या मूल्याविषयी संशय आवश्यक असला, तरी तो वापरकर्त्याच्या लिपीवर नसावा.