गोव्यातला पुरावा, कोकणातली ओपीडी

मानसोपचाराविषयी मराठीत वाचायला काही कमी नाही. किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली. आनंद नाडकर्णी यांची ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था, आयपीएच, १९९० पासून उभी आहे. पुस्तकं खपतात, व्याख्यानांना सभागृहं भरतात. पण या उपचारांनी इथल्या किती जणांना बरं वाटलं आणि ते किती महिने टिकलं, असं विचारलं की उत्तरादाखल बहुधा अनुभवकथनच येतं.

मोजून दिलेलं उत्तर हवं असेल तर ते शेजारी, गोव्यात आहे. तिथल्या ‘संगथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी केली. ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. समुपदेशक म्हणजे प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञही नव्हेत. सहा ते आठ भेटी. पद्धतही साधी: सुटलेली कामं, तुटलेल्या गाठीभेटी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायच्या, आणि पुढच्या भेटीत काय जमलं ते बोलायचं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांचं. दारूवरच्या जोडचाचणीत यश बेताचंच: ३६ विरुद्ध २६ टक्के. हा आकडाही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे छापला, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

मग हे रत्नागिरीत आणायला अडचण काय? मधे एक सिंधुदुर्ग तेवढा. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. ठाणे, येरवडा, नागपूरसारखंच प्रादेशिक, फक्त आकाराने लहान. पण गोव्यातली पद्धत उचलून इथे ठेवली की झालं, असंही नाही. एप्रिल-मे आंब्याचा, बागेत राबणारा माणूस आठवड्याच्या आठवड्याला येणार कसा? मिरकरवाड्याच्या खलाशाला ‘रोजचं एक काम सुरू करा’ म्हणायचं, तर जून-जुलैत मासेमारीच बंद. घरचे आधी देवळात कौल लावतील, ‘बाहेरचं’ काही नाही ना ते बघतील, मग दवाखाना. चाचणीच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसत नाही. इथे काय बदलावं लागेल ते ओपीडीत बसणाऱ्यालाच कळतं. ते तो कुठे लिहीत नाही, आणि लिहिलं तरी संशोधकांपर्यंत जात नाही. संशोधन आपल्यापर्यंत पोचत नाही, ही तक्रार म्हणून मला अर्धीच वाटते.

असं लिहून ठेवणं अशक्य नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००८ पासून मानसोपचाराच्या एका कार्यक्रमात जवळपास प्रत्येक भेटीला रुग्णाचे गुण नोंदवले आणि ते आकडे जाहीर केले. आपल्याकडे २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्यांत महाराष्ट्र नव्हताच.

नैराश्य मोजण्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली फुकट मिळते, मराठीतही आहे, आणि भरायला पाच मिनिटं पुरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि समुपदेशकांनी दर भेटीला तिचे गुण केसपेपरवर लिहावेत, आणि पेशंट यायचा थांबला तर का थांबला तेही एका ओळीत टिपावं.