तुकोबारायांनी ते कोणाला सांगितले?



एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात काय दिवस होते ते आपणास सांगावयास नको. आमच्या बेसा भागात एका घरचा कर्ता पुरुष गेला. माणसे जमण्याची सोय नव्हती, म्हणून तेराव्याचे निरूपण मी मोबाइलवरून केले. अभंग घेतला तुकोबारायांचा. बायको, मूल, आई एकामागून एक गेली, आता विठोबा आणि मी, मध्ये कोणी नाही, असे सांगणारा. वैराग्यावर चांगला अर्धा तास बोललो. शेवटी त्या घरच्या ताई म्हणाल्या, "महाराज, तुकोबारायांनी हे आपल्या घरचं म्हटलं. तुम्ही माह्या घरचं म्हणून राह्यले."

मला उत्तर सुचले नाही. फोन ठेवून मी गाथा काढून बसलो.

सन १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली. त्या एकाच मृत्यूबद्दल गाथेत दोन सूर आहेत. एक मी निरूपणाला घेतला तो. दुसरा आत्मचरित्राच्या अभंगात. तेथे महाराज आधीच म्हणतात की हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून बोलतो. मग मायबाप गेले, द्रव्य आटले, मान गेला, बायको भुकेने मेली, आणि जिवाची लाज वाटली. बरे झाले, असे तेथे एका शब्दानेही नाही. माउली, आपण दोन्ही अभंग शेजारी ठेवून वाचा. पहिला विठोबाला सांगितलेला आहे, दुसरा संतांना. शोकात बसलेल्या शेजाऱ्याला उपदेश म्हणून दोन्हींपैकी एकही नाही. आम्ही कीर्तनकार मात्र पहिलाच उचलतो, कारण त्यावर टाळी पडते. ही आमची खोड आहे, आणि माझी तर होतीच.

दुःखाचे पुढे काय केले, हेही त्याच दुसऱ्या अभंगात आहे. भंगलेले देऊळ नीट करावेसे वाटले. एकादशीला कीर्तन आरंभले, पण चित्ताला आधी त्याचा अभ्यास नव्हता. म्हणून संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली, आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे राहून ध्रुपद धरले. साडेचार हजारांवर अभंग ज्यांच्या नावे आहेत, त्यांनी आरंभ दुसऱ्याच्या शब्दांनी केला! अर्थ लावणे, याचा तेथे उल्लेख नाही. आधी पाठांतर, मग मागे उभे राहणे. लाज हा शब्दही पुन्हा येतो, पण आता संतांचे चरणतीर्थ घेताना लाज मनात येऊ दिली नाही, असा. भुकेने मेलेल्या बायकोपाशी वाटलेली लाज ती ही नव्हे. हा फरक मी इतकी वर्षे हा अभंग गाऊनही पाहिला नव्हता.

निर्बंध उठल्यावर त्या घरी गेलो. निरूपण केले नाही. हरिपाठ म्हणावयास बसलो. ताई भिंतीशी बसल्या होत्या. पाच-सहा अभंग झाले तरी ओठ मिटलेलेच. मग त्यांनी ध्रुपद धरले. चरण मी म्हणत गेलो.